अद्भुत कोणाच्या उणिवेचे? : मराठी अद्भुतरम्य कथेतील स्त्री आणि ताराबाई शिंदे यांचे वाचन

१

मराठी कादंबरीचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. आरंभी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) येते. धर्मप्रचाराच्या हेतूमुळे ती बहुधा अपवाद म्हणून बाजूला ठेवली जाते. त्यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा कालखंड येतो. पुढे हरिभाऊ आपटे अवतरतात आणि मराठी कादंबरी वयात येते. या मांडणीत अद्भुत म्हणजे बाल्य आणि वास्तव म्हणजे प्रौढत्व असे समीकरण गृहीत धरलेले असते. वि. का. राजवाडे यांच्या 'कादंबरी' (१९०२) या निबंधापासून कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' (१९५३-५४) या ग्रंथापर्यंत अद्भुत आणि वास्तव यांच्या मूल्यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र एक प्रश्न या चर्चेच्या कडेलाच राहिला. ज्या अद्भुताविषयी आपण बोलतो ते मुळात कोणाला हवे होते? कोणाच्या आयुष्यातील कोणती उणीव ते भरून काढत होते?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला ग्रंथालयात पडलेला नाही. दौंड तालुक्यातील वरवंड या गावी श्रावणात घरोघर कहाण्या वाचल्या वा सांगितल्या जातात. त्या ऐकता ऐकता तो पडला. नागपंचमीची कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. घरात साऱ्या सुनांना माहेर असते, धाकटीला मात्र कोणी नसते. सणाला सगळ्या जणी माहेरी निघतात, ही एकटी मागे राहते आणि शेषनाग आपला मामा व्हावा अशी इच्छा मनात धरते. तो ब्राह्मणाच्या रूपाने येतो, तिला पाताळात घेऊन जातो, तिचे माहेरपण करतो. तिथे नागिणीच्या बाळंतपणात दिवा हातातून पडतो, नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. मोठी झाल्यावर ती सूड घेण्यासाठी येतात, आणि ही आपलीच पूजा करते आहे हे पाहून निवळतात. या कहाणीत पाताळ आहे, रूपांतर आहे, बोलणारे नाग आहेत. अद्भुताची सर्व सामग्री आहे. पण हे अद्भुत कशासाठी आले आहे? माहेर नसण्याची उणीव भरून काढण्यासाठी. ही उणीव स्त्रीची आहे, आणि ती स्त्रीलाच ठाऊक असते. सासुरवाशिणींनी सासुरवाशिणींना सांगितलेले हे अद्भुत आहे.

छापील मराठी अद्भुतरम्य कादंबरी या कहाणीशेजारी ठेवली तर काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. लोकप्रिय अद्भुतकथेतील स्त्रीचित्रणाकडे केवळ 'प्रतिमा चांगली की वाईट' या दृष्टीने पाहिले तर हाती फारसे लागत नाही. शूर नायिका मोजून स्त्रीवादी समीक्षा होत नाही. प्रत्येक अद्भुतामागे एक उणीव असते. ती कोणाची आहे हे विचारणे अधिक फलदायी ठरते. मराठीत हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारी वाचक १८८२ मध्येच होऊन गेली, हेही येथे दाखवावयाचे आहे.

२

या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग रिसबुडांनी स्वतःच दिलेला आहे. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेतील त्यांचे निवेदन कादंबरीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याचा आशय असा, की आपल्याकडील विवाहाची रीत आणि अन्य काही कारणे यांमुळे आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक म्हणावे असे गुण वा दुर्गुण आढळतच नाहीत. नित्य अनुभवातल्या गोष्टी लिहाव्या तर त्यांत चित्तवेधक असे काही निघत नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. समीक्षकांनी या निवेदनाकडे वास्तववादाच्या अभावाची कबुली म्हणून पाहिले. पण त्यातील कारणमीमांसा नीट वाचली पाहिजे. रिसबूड पहिले कारण देतात ते विवाहपद्धतीचे. आपल्या समाजात प्रणयाला अवसर नाही, कारण मुलगी समजत्या वयाची होण्यापूर्वीच तिचे लग्न झालेले असते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतीवय दहा वर्षे धरले होते. ते बारा करण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले आणि त्यावरून पुण्यात केवढे रण माजले हे सर्वांना माहीत आहे. अशा समाजातील लेखकाला प्रेमकथा लिहायची झाली, तर नायिका आणायची कोठून?

ती राजवाड्यातून आणली गेली. राजकन्या हे या कादंबऱ्यांचे केवळ अलंकरण नव्हते. ती कथानकाची गरज होती. उपवर होऊनही अविवाहित असलेली, लिहिता-वाचता येणारी, पुरुषाशी चार वाक्ये बोलू शकणारी, आपल्या मनाने कोणाला तरी वरणारी मुलगी ही त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय घरांत जवळजवळ अशक्य गोष्ट होती. म्हणून या कादंबऱ्यांतील योगी, वेषांतरे, अपहरणे, गुप्त मार्ग, विलक्षण योगायोग यांपेक्षा खरे अद्भुत एकच : सज्ञान अविवाहित स्त्री. बाकीचे सारे चमत्कार त्या एका चमत्काराला सांभाळण्यासाठी उभारलेले आहेत.

येथेच या अद्भुताचे दुटप्पी स्वरूप लक्षात येते. एका बाजूला ते प्रचलित विवाहव्यवस्थेवरील नकळत केलेली टीका आहे. ही व्यवस्था इतकी कोरडी आहे, की तिच्यातून एक गोष्टसुद्धा निघत नाही, असे लेखक सांगतो. दुसऱ्या बाजूला, ती व्यवस्था बदलावी असे त्याला सुचत नाही. तो तिच्यापासून सुटका करून देणारे नगर वसवतो. त्या नगरात नायिकेला निवडीचा क्षणभर अधिकार मिळतो. तिने नायकाला मनाने वरले, की तो अधिकार संपतो. नंतर उरते ते तिचे पळवले जाणे, कोंडले जाणे, शील राखणे आणि शेवटी परत मिळणे. 'मुक्तामाले'सारख्या कादंबरीत नायिका पतिव्रता आहे आणि दुष्टांनी आणलेली संकटे सोसणे हेच तिचे कर्तृत्व आहे. कृती नायकाची, सहन करणे नायिकेचे, अशी वाटणी पक्की आहे. स्त्रीला निवड असावी ही येथे पुरुषाची कामना आहे. कारण निवडले जाण्याचा आनंद त्याला बालविवाहाने नाकारलेला आहे. उणीव त्याची, अद्भुतही त्याचे.

रिसबुडांच्या 'आम्हा हिंदूंच्या' या सर्वनामाचाही हिशेब केला पाहिजे. ज्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडत नाही असे हे 'आम्ही' कोण? 'मंजुघोषे'च्या तेरा वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. सांगण्यासारखे काही नव्हते, ही तक्रार त्या मुलीची नव्हती. पदमनजींची यमुना तर अकरा वर्षे आधीच प्रवासाला निघाली होती आणि वाटेत भेटणाऱ्या एकेका विधवेची हकीकत ऐकत होती. त्या हकीकतींत भय होते, कारुण्य होते, पलायनही होते. म्हणजे 'आमचे जीवन नीरस' हे विधान एका विशिष्ट जातीवर्गातील पुरुषाच्या जीवनापुरते खरे होते. त्याच घरातील माजघरात डोकावले असते, तर कादंबरीला विषयांची वाण पडली नसती.

३

छापील कादंबरीने अद्भुताचे साहित्य शून्यातून निर्माण केले नाही. तिच्यामागे 'सिंहासनबत्तिशी', 'वेताळपंचविशी', 'शुकबहात्तरी' यांची दीर्घ परंपरा होती, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून इंग्रजीच्या द्वारे आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी तिच्या वाचकांच्या हाती होत्या. या कथाचक्रांतील स्त्रीचे स्थान पाहिल्याशिवाय ताराबाई कशावर चिडल्या होत्या हे कळणार नाही.

'वेताळपंचविशी'तील एक प्रसिद्ध कोडे असे : एकाच मुलीला तिघे मागणी घालतात; ती मरण पावते; एक जण तिच्या राखेवर पडून राहतो, दुसरा अस्थी घेऊन तीर्थाला जातो, तिसरा संजीवनी मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. आता ती कोणाची पत्नी? विक्रम चातुर्याने उत्तर देतो : जिवंत करणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान, राखेवर राहिला तो पती. वेताळ विचारतो, राजा सांगतो, श्रोते वाहवा करतात. मुलगी मात्र आता जिवंत आहे, समोर उभी आहे, तिला वाचाही आहे. पण तिला विचारावे हे वेताळाला सुचत नाही आणि विक्रमालाही नाही. मस्तकांची अदलाबदल झालेल्या दोन पुरुषांच्या कोड्यातही हेच घडते. त्या स्त्रीला बोलते करण्यासाठी गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन'ची (१९७१) वाट पाहावी लागली.

'शुकबहात्तरी' आणि अरबी कथा यांची तुलना आणखी उद्बोधक आहे. दोन्हींत रात्रीमागून रात्र गोष्ट सांगितली जाते आणि दोन्हींत गोष्टीच्या बळावर काहीतरी रोखले जाते. अरबी कथांत शहरजाद गोष्टी सांगते, ती स्वतःचा आणि राज्यातील इतर मुलींचा जीव वाचवण्यासाठी. 'शुकबहात्तरी'त पोपट गोष्टी सांगतो, तो पती परगावी गेलेल्या स्त्रीने रात्री उंबरठा ओलांडू नये म्हणून. एकीकडे स्त्री सांगते आणि राजा ऐकतो. दुसरीकडे पाखरू सांगते आणि स्त्री ऐकते. मात्र दोन्हींचे मूळ गृहीत एकच आहे : स्त्री स्वभावतः विश्वासघातकी आहे. शहरियारचा संहार याच गृहीतातून सुरू होतो आणि पोपटाची नेमणूकही त्याच गृहीतावर झालेली आहे. या गृहीताला आपल्याकडे एक नावही होते : 'स्त्रीचरित्र'. चरित्र म्हणजे जीवनवृत्तान्त. पण त्याच्यामागे 'स्त्री' हा शब्द लागला की त्याचा अर्थ कपट असा होत असे. या नावाचे कथासंग्रह छापले जात, विकले जात आणि आवडीने वाचले जात.

अद्भुतकथेतील स्त्री त्यामुळे दोन साच्यांत विभागली गेली. एक, संकटात शील राखणारी राजकन्या. दुसरी, मायावी, जारिणी, कुट्टिणी, चेटकीण. पहिलीला इच्छा नसते, दुसरीला इच्छेशिवाय काहीच नसते. पहिली बक्षीस म्हणून मिळते, दुसरी शिक्षेस पात्र ठरते.

४

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांतून विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या दुर्वर्तनावर लेखांचा पाऊस पडला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' ही पुस्तिका लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. पुस्तिकेवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी 'सत्सारा'च्या १८८५ मधील अंकात ताराबाईंची बाजू घेतली. नंतर हे लेखन विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. त्यानंतरच्या अभ्यासकांनी त्याचा विचार प्रामुख्याने सामाजिक निबंध म्हणून केला. ते रास्तच आहे. पण त्याच्यात वाङ्मयसमीक्षाही आहे, याकडे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही.

ताराबाई आपल्या काळातील लोकप्रिय पुस्तकांची नावे घेऊन बोलतात. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' आणि 'मनोरमा' हे नाटक त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ही पुस्तके त्यांनी वाचली आहेत आणि ज्या वाचकासाठी ती लिहिली गेली तो वाचक आपण नाही हेही त्यांना ठाऊक आहे. पुस्तकांतली ही कपटे, ही साहसे, हे दुराचार तुम्ही स्त्रियांच्या नावावर मांडता. पण रोजच्या जगात ते कोण करते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. एखादी स्त्री चुकली तर तिला त्या वाटेवर कोणी आणले? जरठाशी लग्न कोणी लावून दिले, पुनर्विवाहाची वाट कोणी बंद केली? कथाकाराने स्त्रीच्या कपटाला जन्मजात ठरवले होते. ताराबाई त्याची कारणे मागतात. ही केवळ नैतिक तक्रार नव्हे. कथानकातील कार्यकारणसंबंध चुकीचा लावला आहे, असा हा आक्षेप आहे, आणि तो समीक्षेचा आक्षेप आहे.

पुराणांतील अद्भुतालाही त्या हाच प्रश्न विचारतात. पतीचे प्राण परत आणण्यासाठी सावित्री यमाच्या पाठोपाठ गेली, ही कथा स्त्रीधर्माचा कळस म्हणून सांगितली जाते. ताराबाई ती नाकारत नाहीत. त्या फक्त उलट बाजू मांडतात : पत्नीसाठी यमाच्या वाटेवर पाऊल टाकणारा कोणी पती तुम्ही ऐकला आहे काय? या एका प्रश्नाने कथेतील चमत्कार तसाच राहतो आणि त्याची एकतर्फी रचना उघडी पडते. मृत्यूच्या दारातून माणूस परत आणता येतो, ही कल्पना कोणालाही सुचू शकते. पण आणणारी नेहमी स्त्री आणि आणला जाणारा नेहमी पुरुष असा नियम असेल, तर तो चमत्काराचा नियम नव्हे, समाजाचा आहे.

ताराबाईंची भाषा शास्त्रीय परिभाषेची नाही. ती बोलीतून आलेली, उपरोधाने धार लावलेली आहे. आपण घराच्या चौकटीत वाढलेली बाई आहोत, आपले ज्ञान तोकडे आहे, असे त्या आधीच सांगून टाकतात आणि मग एकेका प्रतिष्ठित कथेची उलटतपासणी करतात. पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेने वाचकाच्या लिंगभावाचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्धान्तरूपाने मांडला. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबर यांनी १९७९ मध्ये देवदूत आणि राक्षसी या दोन साच्यांची चर्चा केली. राजकन्या आणि चेटकीण यांचा आपल्याकडील साचा त्याच जातीचा आहे. सिद्धान्त ताराबाईंनी मांडला, असा दावा येथे करायचा नाही. पण लोकप्रिय अद्भुतकथा वाचताना 'ही मी नव्हे' असे म्हणणारी आणि 'मग ही कोणाला हवी होती' असे विचारणारी वाचक मराठीत १८८२ मध्ये होती, हे आपल्या समीक्षेच्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे.

५

वाचकाने प्रश्न विचारला. लेखिकांनी काय केले? १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' प्रसिद्ध झाली. स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तीही अद्भुतरम्य परंपरेतलीच आहे आणि तिचे नावच विरहिणी नायिकेच्या संकेताकडे बोट दाखवते. स्त्रीच्या हाती लेखणी आली की अद्भुत आपोआप बदलते, असे होत नाही. रूपबंध तयार मिळतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची उणीवही उसनी येते.

दुसरी वाट वास्तवाची होती. १८९० पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागलेली 'पण लक्षात कोण घेतो' यमू या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. येथे रिसबुडांच्या प्रस्तावनेला परस्पर उत्तर मिळाले. ज्या विवाहपद्धतीमुळे आयुष्यात सांगण्यासारखे काही उरले नाही असे ते म्हणाले होते, तिच्यातूनच मराठीतील एक श्रेष्ठ कादंबरी निघाली. फरक सांगणाऱ्याच्या जागेत होता. तेच घर, तेच लग्न, तोच दिनक्रम. पण माजघरातून पाहिले तेव्हा त्यात भय आणि नाट्य दोन्ही सापडले. आपण हा बदल 'अद्भुतातून वास्तवाकडे' असा नोंदवतो. 'पुरुषाच्या उणिवेकडून स्त्रीच्या उणिवेकडे' असा तो नोंदवला, तर अधिक नेमका होईल. मात्र यमूचा आवाज घडवणारा हात हरिभाऊंचा आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरी वाट काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांनी धरली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी १८८९ मध्ये लिहिले होते. म्हणजे समुद्र ओलांडून वैद्यक शिकायला गेलेल्या एका खऱ्याखुऱ्या स्त्रीचे साहस त्यांनी आधीच शब्दांत धरलेले होते. १९२८ मध्ये त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. एका संस्थानाची सूत्रे स्त्रीच्या हाती येतात आणि राज्यकारभारच स्त्रियांच्या दृष्टीने उभा राहतो, ही तिची कल्पना. तेवीस वर्षे आधी, १९०५ मध्ये, बंगालच्या रोकेया हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' या इंग्रजी कथेत स्त्रियांचे राज्य रंगवले होते. तेथे सूर्याची उष्णता साठवणारी यंत्रे आहेत, हवेत चालणारी वाहने आहेत आणि पुरुष मर्दानखान्यात बंद आहेत. काशीबाईंच्या कादंबरीला अशा यंत्रांची गरज पडत नाही. तिच्यातील चमत्कार म्हणजे अधिकारपदावर बसलेली बाई. १९२८ च्या वाचकाला विमानापेक्षाही तीच अधिक अविश्वसनीय वाटली असेल, तर ते अद्भुत योग्य जागी बसले होते असे म्हटले पाहिजे. 'मंजुघोषे'तील राजकन्येला राज्य असते, पण ती ते करत नाही. काशीबाईंची स्त्री ते करते. साठ वर्षांत नगर तेच राहिले, उणीव बदलली.

कहाण्यांकडे परत येताना मात्र सावध राहिले पाहिजे. त्या स्त्रियांनी स्त्रियांना सांगितलेल्या असल्या तरी मुक्तीच्या कथा नाहीत. व्रत मोडणारीला दारिद्र्य येते, पाळणारीला पुत्र आणि संपत्ती मिळते. आज्ञापालन हा त्यांचा उपदेश आहे. तरीही त्या उपदेशाच्या आत दुसरे काही जपलेले आहे. नावडत्या राणीची, माहेर नसलेल्या सुनेची बाजू तेथे गृहीत धरलेली असते. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकमाने सारे गाव महादेवाला दूध घालते, मुले-वासरे उपाशी राहतात आणि गाभारा भरत नाही. घरातल्या सर्वांना जेवू घालून आलेल्या एका म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरतो. एकटी म्हातारी येथे चमत्कार घडवते आणि तो राजाज्ञेपेक्षा मोठा ठरतो. हे लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

६

आतापर्यंतची चर्चा पुस्तकांची झाली. पण अद्भुत कोणाच्या उणिवेचे, या प्रश्नाची एक बाजू पुस्तकांबाहेर आहे आणि ती वरवंडपासून फार दूर नाही. पुणे-सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघाले की काही मैलांवर चौफुला लागतो आणि तेथून आत वळले की केडगाव. या केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभारले आणि १९२२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

रमाबाईंचे चरित्र कथानक म्हणून वाचून पाहावे. अरण्यातला जन्म, आईवडिलांबरोबर पायी तीर्थाटन, दुष्काळात त्यांचा मृत्यू, भावासह कलकत्त्यापर्यंतची वाट, विद्वानांच्या सभेत मिळालेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदे, स्वेच्छेने केलेला विवाह, अल्पावधीत वैधव्य, १८८२ मध्ये पुण्यात आगमन, मग इंग्लंड आणि अमेरिका. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या. अरण्य, वनवास, समुद्रोल्लंघन, सुटका : अद्भुतरम्य कादंबरीची सारी आशयसूत्रे येथे आहेत. फक्त सुटका करणारा राजपुत्र नाही. 'आमच्या जीवनात अद्भुत नाही' हे वाक्य छापले गेले तेव्हा, १८६८ मध्ये, ही मुलगी दहा वर्षांची होती आणि आईकडून संस्कृत शिकत देशभर चालत होती.

केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रिया खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पुरा झाला. धर्मांतराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. ज्या स्त्रियांच्या नावावर 'स्त्रीचरित्रे' छापली जात होती, त्यांच्या हाती मजकुराचे खिळे आले, ही घटना वाङ्मयेतिहासाने नोंदण्यासारखी आहे. वाटेवरच्या चौफुल्याला आज संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत. तेथे परंपरेने पुरुष शाहिरांनी रचलेले स्त्रीचे मनोगत स्त्री गाते. म्हणजे काही मैलांच्या अंतरात स्त्री आणि शब्द यांचे तीन संबंध दिसतात : वरवंडच्या घरातली कहाणी, चौफुल्याची लावणी, केडगावचा छापखाना. परंपरेने आलेले सांगणे, दुसऱ्याने रचलेले गाणे आणि स्वतःच्या हाताने जुळवलेले अक्षर. अद्भुतकथेतील स्त्रीविषयी बोलताना या तिन्हींचा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

७

विसाव्या शतकात अद्भुत प्रौढ कादंबरीतून सरकत बालवाङ्मयाकडे आणि रहस्य-भयकथेकडे गेले. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने त्याची जुनी मोहिनी टिकवली. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'ने विक्रम-वेताळ खेडोपाडी पोचवले. अनेक पिढ्यांनी ती कोडी सोडवली आणि कोड्यातल्या मुलीला काय वाटते हे विचारण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले नाही. नारायण धारपांच्या समर्थकथांत अमानुष शक्तीपासून सोडवणारा अधिकारी पुरुष केंद्रस्थानी आहे. या लेखनाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पण शक्ती पुरुषाकडे साधनेने येते आणि स्त्रीकडे बाधा म्हणून येते, हा संकेत आपल्या भयकथेने फारसा तपासलेला नाही.

चेटकिणीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली. २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलेल्या प्रयोगात ती वैभव मांगले यांनी साकारली. मुलांना ती मनापासून आवडते, कारण तीच त्या नाटकातली सर्वांत जिवंत व्यक्ती आहे. पुरुष नटाने वठवल्यामुळे ती विडंबन होते आणि तिची भीती विरघळते. हा नाटकाचा गुण आहे. पण खुलभर दुधाची म्हातारी आठवली, की एक गोष्ट खटकते. कहाणीत एकटी म्हातारी गाभारा भरते. रंगमंचावर एकटी म्हातारी मुले पळवते. हा निव्वळ साहित्यिक संकेत राहिला असता, तर त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. डाकीण ठरवून बाईला छळण्याचे प्रकार मात्र महाराष्ट्रात घडत आले आहेत आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कथेतील साचा आणि गावातील आरोप एकाच भीतीवर जगतात.

साचा बदलता येतो, याचे एक उदाहरण बाहेरचे आहे. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ ते १९७२ या काळात 'अर्थसी'च्या तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या जादूच्या विद्यापीठात फक्त पुरुष शिकतात. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी 'तेहानू' लिहिली. बेटे तीच, जादूचे नियम तेच. दृष्टी मात्र एका मध्यमवयीन विधवेची आणि तिने सांभाळलेल्या भाजलेल्या मुलीची. लेखिकेने जुने जग मोडले नाही; त्या जगात कोणाला काय कमी पडते, हे नव्याने विचारले.

मराठीत हे करण्यासाठी लागणारी सामग्री घरातच आहे. वेताळाच्या कोड्यातील पुन्हा जिवंत झालेली मुलगी अजून उत्तर देण्याची वाट पाहते आहे. शहरजाद मराठीत येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. तिच्या गोष्टी आपण घेतल्या, तिची जागा घेतली नाही. नव्या मराठी अद्भुतकथेत तलवार चालवणारी नायिका आता सहज येते. तिचे स्वागत करावे. पण ती कोणाच्या हौसेसाठी तलवार चालवते, हे विचारल्याशिवाय तिला नवी म्हणू नये. ताराबाईंनी सावित्रीच्या कथेला विचारलेला प्रश्न साधा होता आणि तो प्रत्येक चमत्काराला विचारता येतो. वरवंडच्या घरात पुढच्या श्रावणात नागपंचमीची कहाणी पुन्हा सांगितली जाईल. माहेर नसलेल्या सुनेला पाताळातून मामा आणावा लागतो. त्या मामाच्या अद्भुतात रमताना, तिला माहेर का नव्हते आणि माहेरावाचून ती इतकी निराधार का होती, हेही ऐकणाऱ्यांपैकी कोणी विचारले, तर ती कहाणीची अवज्ञा ठरणार नाही.